रिमोट मी दिला होता

गोमूत्र त्यांनी माझ्यावर शिंपडलं नाही. ड्रोनवर शिंपडलं. एवढी प्रगती झाली आहे, हे मान्य करायला हवं.

बागेतल्या मोकळ्या कातळावर मी मशीन मांडलं होतं. चारही हात उलगडले, कड्या लावल्या, पंखे फिरवून बघितले, टाकीचं झाकण आवळलं. मी मागे सरकले तशा काकू पुढे आल्या. काकू म्हणजे अण्णा खोतांच्या घरातल्या मोठ्या बाई. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात आंब्याची डहाळी. जिथे जिथे माझा हात लागला होता तिथे तिथे त्यांनी नेमकं शिंपडलं. कड्यांवर. दांड्यावर. झाकणावर. नजर इतकी बारीक, की मी कुठे कुठे हात लावला ते मलाही तितकं आठवत नव्हतं.

"काकू, आत वायरी आहेत. ओलं नको," मी म्हटलं.

"शुद्धीला काय होतंय गो? नव्या गाडीवर नाय शिंपडत?"

शिंपडतात. पण गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला आधी 'तू जरा पलीकडं हो' असं म्हणत नाहीत. मला म्हणाल्या होत्या.

साठ-सत्तर माणसं उभी होती. कोणी हसलं नाही, कोणी चपापलं नाही. पूजेत चालतं तसं चाललं होतं. मी खिशातलं फडकं काढलं आणि वायरींची तोंडं पुसायला लागले. हात थरथरत होते. रागाने, असं लिहायला आवडलं असतं. भीतीने थरथरत होते. अपमानाची मला सवय होती, त्या वायरींना नव्हती.

मी त्याच गावच्या बौद्धवाडीतली. हातखंब्याला महामार्ग सोडून आत शिरलं की पाऊण तासावर आमचं गाव. खोती कायद्याने गेली त्याला माझ्या आईच्या वयाहून जास्त वर्षं झाली. कायद्याने गेली. सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळ-पठारावरची, हापूसची बाग राहिली, 'अण्णा खोत' हे नाव राहिलं, आणि त्यांच्या बागेतून आमच्या वाडीला जाणारी पायवाट त्यांच्या मर्जीवर राहिली. आईने त्या बागेत पंचवीस वर्षं काम केलं. फवारणीसाठी डोक्यावरून पाणी आणायचं, नळी ओढायची, औषधाचे रिकामे डबे धुवायचे. औषध म्हणजे तुडतुड्यांवर मारायचं विष. आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात.

ड्रोन आमच्या बचत गटाचा. सरकारी योजनेतून मिळालेला. गटात दहा जणी, निरनिराळ्या वाड्यांतल्या. बारावी सायन्स झालेली मी एकटी, म्हणून प्रशिक्षणाला मी. आकाशाची ओढ वगैरे मला कधी नव्हती. झोपाळ्यावरही मला गरगरतं.

प्रशिक्षण पुण्याजवळ होतं. तिथल्या वर्गात भिंतीवर ओळीने फोटो लावलेले. विमान उडवणाऱ्या पहिल्या बायका. साडी नेसून विमानात बसलेली एक. एकटीने समुद्र ओलांडणारी एक. लढाऊ विमानाच्या शिडीवर उभ्या असलेल्या अलीकडच्या तिघी. सगळ्या हसणाऱ्या. मला त्या फोटोंबद्दल फार प्रेम वाटलं नाही, खरं सांगते. पहिल्या काळातल्या त्या बायकांच्या घरी कोणाकडे तरी विमान असणार, निदान विमानवाल्याची ओळख असणार. आमच्या घरी सायकल आली ती मी नववीत असताना. शिवाय महिला दिनाला त्या सगळ्या फोटोंना हार घातले. त्यातल्या काही जणी जिवंत होत्या.

शिकवणाऱ्या मॅडम साठीच्या. तरुणपणी त्यांनी लहान विमानं चालवली होती, बायका त्या कामात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या तेव्हा. मी त्यांना एकदा विचारलं, "मॅडम, या सगळ्यांना भीती वाटत नव्हती?"

"वाटायची की. फोटो काढताना गॉगल लावतात म्हणून दिसत नाही."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. एकदा वादळी हवेत त्यांनी विमान उतरवलं. खाली स्वागताला मंडळी उभी. दार उघडलं आणि हार शेजारी बसलेल्या सहवैमानिकाच्या गळ्यात पडला. तो अजून शिकाऊ होता. त्यांच्या हातात कोणीतरी बॅग दिली.

"तुम्ही काय केलंत?"

"बॅग धरली. आणि लॉगबुक लिहिलं. हार कोणाच्या गळ्यात पडतो ते सोडून दे गं. लॉगबुकात खोटं पडू देऊ नकोस. आमच्या आधीच्या बायकांनी तेवढंच केलं. तास लिहिले. आपल्या हाताने, आपल्या नावावर. त्या वह्यांमुळे मला विमानात बसू दिलं."

मला ते जरा शाळकरी वाटलं होतं. वहीने काय होतं? पण सवय लागली. प्रत्येक उड्डाणानंतर मी वही लिहायची. तारीख, जागा, वारा, किती मिनिटं, कोणी उडवलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. माझ्या वहीत तो बहुतेक कोरा असायचा, आणि तो कोरा असल्याचा मला अभिमान होता.

तर अण्णांच्या बागेतला तो दिवस. मोहोर फुलला होता. 'तालुक्यातील पहिली महिला ड्रोन पायलट' असा मोठा फ्लेक्स लावलेला. फ्लेक्सवर अण्णा, येणारे पाहुणे साहेब, अण्णांचा पुतण्या केदार, आणि कोपऱ्यात गॉगल लावलेली एक गोरी वैमानिक बाई. नीट बघितलं तर ती सिनेमातली नटी होती, वैमानिकाच्या वेषातली. 'पहिली महिला' म्हणजे मी, माझा फोटो नव्हता. त्याबद्दल तक्रार नाही. उन्हातान्हात फ्लेक्सवर राहण्यापेक्षा बरं.

मी नऊला या असं सांगितलं होतं. आमच्या सड्यावर अकरानंतर समुद्राकडून वारा उठतो. हे इथल्या बकऱ्यांनाही माहीत आहे, त्या त्या सुमाराला गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, आडोशाला जातात. साहेब पावणेबाराला आले. मग सत्कार. मग भाषण. साहेब स्त्रीशक्तीवर बोलले. उत्तुंग भरारी दोनदा झाली. फडफडणाऱ्या फ्लेक्सकडे बघत मी उभी होते. गटाच्या अध्यक्ष सुनंदाताई माझ्या बाजूला होत्या. कुणबीवाडीतल्या, मनाने चांगल्या. मी त्यांच्या कानात म्हटलं, "ताई, वारा वाढलाय. आज नको उडवायला."

"आता कसं नको म्हणतेस? साहेब आलेत."

"टाकीत औषध भरलंय. नुसतं पाणी भरूया म्हटलं तर अण्णांनी ऐकलं नाही."

"दोन मिनिटं उडव आणि उतरव, बाय माझे."

मजूर बायकांना अण्णांनी गडग्याच्या कडेला उभं केलं होतं. फोटोत येऊ नयेत म्हणून. बारा-तेरा जणी होत्या. त्यात माझी आई. तिने मला हात केला नाही. नुसती बघत होती. डोक्यावरून पदर घेतला होता, कामावर असते तशी.

मी रिमोटचा पट्टा गळ्यात घातला. तेवढ्यात केदार आला. पुण्यात शिकलेला, सदऱ्याला इस्त्री, वागायला उद्धट नाही. त्याने हात पुढे केला.

"दे. फोटोपुरता."

"चालू असताना देता येत नाही," मी म्हटलं. "तुमच्याकडे प्रमाणपत्र नाही."

"अगं मी गेमिंग करतो. हे त्याच्या निम्मंही नाही."

अण्णा लांबून म्हणाले, "दे गो त्याला. तू बॅटऱ्या सांभाळ."

बॅटऱ्या सांभाळ. साठ-सत्तर माणसांसमोर. इथे मी काय केलं ते सांगायचं म्हणून हे सगळं लिहितेय. मी पट्टा गळ्यातून काढला. मला कोणी ढकललं नाही, कोणी शिवी दिली नाही. अण्णांनी आवाजही चढवला नव्हता. माझ्या आईच्या पंचवीस वर्षांनी माझ्या गळ्यातून तो पट्टा काढला. मी रिमोट दिला. देताना वर, "सावकाश हं," असंही म्हटलं. नोकर म्हणतो तसं.

ड्रोन सरळ वर गेला. टाळ्या. साहेबांनी मोबाईल काढला. केदारने तो पुढे नेला, मग डावीकडे, मग वाऱ्याने तो जरा वाकडा झाला आणि केदारने घाबरून दांडी उलटी दाबली. मशीन गडग्याकडे निघालं.

मी ओरडले, "हात सोडा! दोन्ही दांड्या सोडा, तो जागेवर थांबतो!"

माणूस घाबरला की सोडत नाही. आवळतो. त्याची बोटं आवळली. त्यातलं एक बोट फवाऱ्याच्या बटणावर होतं.

आधी औषध पडलं. बायकांवर, सरळ, पांढऱ्या धुरासारखं. मग त्या धुरात मशीन खाली यायला लागलं. त्या पंख्यांचा आवाज जवळून ऐकलेला नाही त्याला सांगता येणार नाही. शहाळं कापतं ते पातं. मी प्रशिक्षणात कलिंगडावर बघितलं होतं. आईने तोंडावर पदर दाबला होता आणि ती खाली बसत होती. तिला पळायचं सुचलं नाही. बागेत अण्णांनी उभं केलं की उभं राहायचं, हे तिच्या अंगात होतं.

मी केदारच्या मनगटावर मारलं. मुठीने, दोनदा. रिमोट ओढून घेतला, फवारा बंद केला, मशीन वर घेतलं. ते बायकांच्या डोक्यांवरून गेलं, हातभर वरून. पलीकडे करवंदीची जाळी होती. तिथे उतरवलं. उतरवलं म्हणजे पाडलं. एक हात मोडला, दोन पंखे गेले.

सगळं मिळून चार मिनिटं.

कोणाला पातं लागलं नाही. बायकांना पाण्याच्या टाकीवर नेऊन डोळे धुतले. आईचे डोळे तिसऱ्या दिवशीही लाल होते. साहेब निघून गेले होते, त्यांना गणपतीपुळ्याला दर्शन होतं. आणि गर्दीत एक वाक्य फिरत होतं, ते माझ्या कानावर आलं. मशीनबद्दल नव्हतं, आईबद्दल नव्हतं.

"खोताच्या पोरावर हात टाकलान तिने."

संध्याकाळी बोलावणं आलं. दिवस मावळायचा होता. अण्णा पडवीत खुर्चीवर. केदार आतल्या दारात, मनगटाला पट्टी. सुनंदाताई पडवीच्या कडेवर बसल्या होत्या, जमीन बघत. मी खाली खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी. मला कोणी वर ये म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सुचलं नाही.

अण्णांनी कागद पुढे केला. टाइप केलेला. केदारचं मराठी चांगलं आहे. 'वाऱ्याचा वेग वाढल्याने घाबरून महिला वैमानिकाचा यंत्रावरील ताबा सुटला. अन्य कोणाचाही दोष नाही.' खाली माझं नाव, सहीला जागा.

"सही कर," अण्णा म्हणाले. "योजनेच्या हापिसात हा एक कागद जाईल. पेपरात काय येत नाय. तुझ्या भल्याचं हाय."

मी कागद वाचला. घाबरून. तो शब्द खरा होता. मी घाबरले होते, आत्ताही घाबरले होते. खोटा कागद चांगला लिहायचा तर त्यात एक शब्द खरा लागतो. त्यांना तो सापडला होता.

"प्रमाणपत्र नसलेल्याने उडवला हे कळलं तर केदारवर केस होईल," सुनंदाताई हळूच म्हणाल्या. मला समजावत होत्या, की कोण अडचणीत आहे.

अण्णा म्हणाले, "तुझी आवस येते ना कामाला? येऊ दे. मी काय नको म्हणत नाय. वाट पण हाय तशी राहील."

एवढंच. धमकी म्हणावी तर सापडणार नाही. कोर्टात सांगितलं तर लोक म्हणतील, किती भला माणूस.

मी पेन घेतलं. सही करायला घेतलं, हे लपवणार नाही. पेनाचं टोक कागदाला लागलं. आणि एक गोष्ट लख्ख दिसली. हा कागद एकदा गेला की मला सगळीकडे हाच कागद भेटणार. तालुक्यात उद्या दुसरी कोणी पोरगी प्रशिक्षणाला निघाली, तर तिच्या घरचे हाच कागद काढून दाखवणार. बघ, पहिली घाबरली. मशीन पडलं. बायकांचं काम नाही ते. त्या भिंतीवरच्या हसऱ्या बायकांपैकी एखादीने अशा कागदावर सही केली असती, तर मॅडम विमानात बसल्या नसत्या. मॅडमनी केली असती, तर मी त्यांच्या वर्गात बसले नसते. त्यांनी मला जेवायला आपल्या ताटाशेजारी बसवून घेतलं असतं की नाही, मला शंका आहे. पण त्यांनी कागद खोटा केला नाही, एवढं त्यांचं माझ्याकडे आलेलं आहे.

मी विचारलं, "मी एक ओळ वाढवू?"

अण्णा खूश झाले. "वाढव की."

मी पडवीच्या कडेवर कागद ठेवला आणि हाताने लिहिलं. 'रिमोट केदार यांच्या हातात होता. मी दिला होता. द्यायला नको होता. बायकांवर औषध पडलं आणि मशीन त्यांच्यावर येताना मी तो परत घेतला.' खाली सही केली. अक्षर वाईट आलं.

अण्णांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग चार तुकडे केले.

"फाडलात तरी माझ्या लॉगबुकात हेच लिहिलंय," मी म्हटलं.

ते खोटं होतं. त्या दिवसाचं पान कोरं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णा खोतांशी खोटं बोलले. सुनंदाताई म्हणाल्या, "अगो, काय केलंस हे."

मी वळले. खळ्यातून बाहेर येईपर्यंत चालले. मग पळाले. पायवाटेने, बागेतून, झाडाझाडामागे कोणीतरी आहे असं वाटत. घरी आले, दाराला कडी घातली, आणि आधी वही काढली. शेऱ्याच्या रकान्यात तीच वाक्यं लिहिली. रकाना लहान पडला, म्हणून खाली ओळी मोडून लिहिलं. पानाचा फोटो काढून मॅडमना पाठवला, योजनेच्या कार्यालयाला पाठवला, गटाच्या ग्रुपवर टाकला. हे सगळं कडी लावलेल्या दाराला पाठ लावून, जमिनीवर बसून. शूर बाई कशी दिसते मला माहीत नाही. अशी दिसत नसावी.

आई आतून आली. डोळ्यांवर ओलं फडकं धरलेलं.

"सही केलीस?"

"केली. त्यांना हवी होती तशी नाय."

तिने फडकं उलटं करून डोळ्यांवर धरलं. मग म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी कर म्हटलं असतं."

"म्हणून नाय विचारलं."

"आता पाणी कुठून आणायचं? वाट बंद करतील."

"वळशाने."

"बोलायला वळसा. डोक्यावर हंडा तुझ्या हाय की माझ्या?"

मी उठून हंड्यात बघितलं. अर्धा होता.

तिसऱ्या दिवशी पायवाटेवर काटेरी तार लागली. आईचं काम गेलं. तिच्याबरोबर आमच्या वाडीतल्या आणखी चौघींचं गेलं, ज्यांनी काहीच केलं नव्हतं, नुसतं अंगावर औषध घेतलं होतं. त्यांतल्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. गटात माझ्या बाजूने पाच जणी आहेत, विरुद्ध तीन, आणि सुनंदाताई कोणाच्याच बाजूने नाहीत. मॅडमचा फोन आला होता. मला वाटलं शाब्बास म्हणतील. त्या म्हणाल्या, "चौकशी होईल. रिमोट दिलास म्हणून काही महिने तुझं प्रमाणपत्र थांबवतील. थांबवायलाच हवं." मग म्हणाल्या, "पान नीट ठेव."

चौकशीला पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला बोलावलं आहे. केदारही येणार, त्याच्यासोबत वकील येणार. माझ्यासोबत मी. मागचे आठ दिवस मला नीट झोप नाही. मोटरसायकलचा आवाज वाडीकडे वळला की माझं जेवण थांबतं. तिथे टेबलापलीकडे जे बसतील ते अण्णांना ओळखत असतील, अण्णांच्या आंब्याच्या पेट्या त्यांच्या घरी जात असतील. मी बोलायला लागले की माझा हेल ऐकून कोणीतरी हसेल. हे सगळं मला माहीत आहे.

तरी जाणार. विचारतील, रिमोट कोणी दिला? मी सांगणार, मी. मारलं कोणी? मी. माफी मागणार का? देण्याबद्दल मागेन. मारण्याबद्दल नाही.

आणि प्रमाणपत्र थांबवलं तर थांबवू देत, परत मिळेल त्या दिवशी मी सड्यावर पुन्हा मशीन मांडणार. त्या वेळी कोणी फोटोपुरता म्हणून हात पुढे केला, मग तो खोताचा असो, साहेबांचा असो की माझ्या सख्ख्या भावाचा, तर तो हात मी मनगटापाशी धरणार. माझा हात तेव्हाही थरथरेल. थरथरू दे. मी सोडणार नाही.